टोपीपुरता दात

"दात गेलेला नाही, हिरडीत लपलाय," मगदूम डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आमच्या ह्यांचा वरचा ओठ त्यांनी दोन बोटांनी उचलून धरला. साडीच्या दुकानात आतला काठ उलटून दाखवतात तसा. "इकडं या ताई. दिसतंय का, हे एवढंसं पांढरं?"

मी वाकून बघितलं. समोरच्या दोन दातांतला डावा. महिन्यापूर्वीपर्यंत चांगला लांबरुंद दात होता. लग्नात माझ्या मैत्रिणी त्याला फावडं म्हणाल्या होत्या. आता तिथं हिरडीच्या काठाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकत होतं.

"मूळ पक्कं आहे," बाई म्हणाल्या. "मुळाचं काम करून वर कॅप बसवता येईल. पण कॅपला धरायला दात वर पाहिजे, तेवढा नाहीये. म्हणून आधी इथली हिरडी कापून मागं घ्यायची, खालचं हाड किंचित घासायचं, की दात उघडा पडतो. मग त्यावर कॅप."

हे खुर्चीत आडवे, तोंड आ वासलेलं, तरी त्यांचे हात हलले. दोन्ही मुठी एकावर एक ठेवून त्यांनी पिळल्यासारखं केलं. बाईंना काही कळेना.

"क्लॅरोनेटचं सांगतायत," मी म्हणाले. "त्याचे तुकडे एकात एक बसतात. बसायला खुंटी लागते. खुंटी आखूड झाली की वरचा तुकडा डुगडुगतो."

"अगदी तेच!" बाई खूश झाल्या. "वाजवता तुम्ही?"

"नवजीवन ब्रास बँडचे मास्तर आहेत. पोपट मास्तर. तासगावात कुणालाही विचारा."

हे मी जरा ताठ्यातच सांगितलं, कारण पुढं कुठं वाकावं लागणार ते मला दिसत होतं. मग विचारलंच, "किती होतील?"

"मूळ, हिरडी आणि कॅप, तिन्ही मिळून साडेपाच हजार."

"आणि काढून टाकायचा झाला तर?"

"दीडशे."

"म्हणजे काढायला दीडशे आणि ठेवायला साडेपाच हजार?"

"हो ताई. असंच आहे."

मला त्या बाईंचा राग आला. वीस वर्षं होत आली ह्या गोष्टीला, पण तो राग मला अजून आठवतो, कारण त्या महिन्यात मी तो वेगवेगळ्या लोकांवर ठेवून बघितला आणि शेवटी ज्याचा होता त्याच्यावर ठेवला. पहिला मान डॉक्टरीणबाईंचा.

"हिरडी कापायचेच एवढे?" मी म्हणाले. "कापायला वेळ तो किती लागतो?"

"कापायला वेळ लागत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुठं थांबायचं, त्याचे पैसे आहेत. कमी कापली तर कॅप निघून येईल, जास्त कापली तर दात हलायला लागेल. आणि शेजारच्या दाताला धक्का लागता कामा नये. वर टाके. पुढं दीड-दोन महिने हिरडी भरेपर्यंत फुंकायचं नाही."

"एक खोटा दात लावून दिला तर? काढता-घालता येतो तसा?"

"देता येईल. पण वाजवताना ह्यांचे वरचे दातच टेकतात ना त्याच्यावर? तो हलणार. सूर हलेल."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षं फुंकलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरे होतं.

"करायचं तर लवकर करा," बाई म्हणाल्या. "उशीर केला तर राहिलेलाही किडेल. आत्ता जून आहे, गणपतीला वाजवता येईल. कशानं मोडला हा?"

"ट्रॉलीचा फाळका," हे म्हणाले. "वरातीहून येताना. अंधारात आपटलो."

बाईंनी पुन्हा आरसा घालून बघितलं. "लागताना तोंड उघडं होतं का तुमचं?"

"असेल," हे म्हणाले, आणि खुर्चीतून उतरून चपला शोधायला लागले.

परतताना तासगावच्या एसटीत मी माझा राग ह्यांच्याकडं वळवला. "फाळका दिसत नाही? बँडची सगळी पोरं चढली, उतरली, कुणाला लागला नाही. मास्तरलाच बरा लागला! प्यायला होता का?"

"मी कधी पितो?"

"मग तोंड उघडं कशाला ठेवलं होतं? फाळक्याला नमस्कार करत होता?"

हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "काढून टाकू. दीडशेत भागतंय."

"आणि वाजवणार काय?"

"खुळखुळा. खुळखुळा हलवायला दात लागत नाहीत."

बँडमधले खुळखुळे आमच्याकडं ज्याला दुसरं काहीच येत नाही त्याच्या हातात देतात. घोड्याच्या पुढं चालायचं आणि मनगट हलवायचं. पोपट मास्तरनं सूर धरला की सनईवालासुद्धा हात थांबवून ऐकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. तो माणूस खुळखुळा हलवणार, आणि मी त्याच्या बँडच्या कोटाची बटणं लावणार.

"मी उत्तमकडं मागते," मी म्हणाले.

हे एकदम वळले. "उत्तमकडं नाही."

"का? माझा सख्खा भाऊ आहे. एवढा मोठा सुपरवायझर झालाय सांगलीत."

"बाकी कुणाकडंही माग. सावकाराकडं जा. उत्तमकडं जायचं नाही."

मला वाटलं, अभिमान. मेव्हण्यापुढं हात पसरायचा नाही म्हणून पुरुषी अभिमान. त्यावरही मी चिडले. उत्तम काय परका होता? आई गेली तेव्हा तो चालायलाही शिकला नव्हता. त्याला सांभाळायचं म्हणून मी सातवीतून घरी बसले. पुढचं जे काय वाचलं ते वाण्याच्या पुड्या सोडून, कागद ताणून. लग्न होऊन मी इकडं आले तर हा माझ्या मागं मागं आला आणि दिवाळी-मे महिना आमच्याकडंच राहायचा. वरातीला निघालं की ह्यांच्या क्लॅरोनेटची पेटी धरायला सगळ्यांशी भांडायचा. पेटी छातीशी धरून असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं नवरदेव हाच. आणि आता हे म्हणतात त्याच्याकडं जायचं नाही!

घरी आल्यावर मी मशीनवर बसले. ह्यांचा पांढरा कोट समोर खुंटीला होता. नवजीवनचे सगळे कोट मीच शिवते. त्या रात्रीचा डाग मी दोनदा मिठाच्या पाण्यात भिजवून काढला होता, तरी हनुवटीखाली बटणांच्या रांगेनं सरळ उतरलेली एक पिवळट रेघ राहिलीच होती. माणूस फाळक्यावर आपटतो तेव्हा रक्त बाहीला लागतं, हाताला लागतं. हे एका रेघेत, ताठ उभ्या माणसाचं उतरलं होतं. तेव्हा ते मला खटकलं, पण नुसतं खटकलं.

दुसरं म्हणजे ती नोट. क्लॅरोनेटच्या पेटीत, मखमलीच्या खाली, शंभराची एक नोट सापडली होती. सुरळी झालेली, कडेला तपकिरी डाग. "ही काय?" विचारलं तर म्हणाले, "बक्षीस आहे, राहू दे." आमच्या घरात शंभराची नोट राहू दे म्हणायची पद्धत नव्हती. तरी मी राहू दिली.

चार दिवसांनी ह्यांना "कापड आणायला जाते" सांगून मी सांगली गाठली.

उत्तमची बायको पल्लवी. पोर सरळ, थोडी बडबडी. मला बघून आनंदली. "आक्का! कळवायचं ना. हे साइटवर आहेत, जेवायला येतील. बसा, चहा टाकते." गारेगार फरशी, नवा टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल. मी मनात वाक्य जुळवत होते. पुढच्या दहा भाऊबिजेची ओवाळणी आत्ताच दे, असं हसत म्हणायचं ठरवलं होतं. हसत म्हटलं की मागितल्यासारखं वाटत नाही.

"आक्का, एक दाखवते तुम्हाला," पल्लवी चहा देत म्हणाली. "ह्यांच्या साहेबांच्या मुलाच्या लग्नाची सीडी आलीय. ह्यांचा नाच बघा! आणि त्यात आपले दाजीपण आहेत हो."

"हे? त्या लग्नाला ह्यांचा बँड होता?"

"म्हणजे काय! मलापण सीडी बघूनच कळलं. आमच्या ह्यांनी सांगितलंच नाही."

वरात सुरू झाली. पुढं घोडा, मागं दिव्यांची झुंबरं, मध्ये माझे शिवलेले पांढरे कोट. आवाज मात्र बँडचा नव्हताच. मिक्सिंगवाल्यानं वरून सिनेमातलं गाणं चढवलं होतं. हे मान हलवून, बोटं नाचवून जीव तोडून वाजवत होते आणि टीव्हीतून भलतीच कुणी बाई गात होती.

मग गुलाबी फेट्यात उत्तम आला. हात वर, शर्ट घामानं भिजलेला, आजूबाजूला साहेबांची मित्रमंडळी. नाचत नाचत तो बँडच्या अगदी पुढं आला. खिशातून नोट काढली, सुरळी केली. आणि ह्यांच्या क्लॅरोनेटच्या भोंग्यात घातली. घातली म्हणजे तळहातानं ठोकली. खुंटी ठोकावी तशी. ह्यांची मान मागं गेली.

भोवतीची माणसं हसली. पल्लवीपण हसली. "हा शॉट बघा. सगळ्यांना आवडला म्हणून मिक्सिंगवाल्यानं परत परत टाकलाय."

पडद्यावर चांदण्या उडाल्या. नोट भोंग्यातून आपोआप बाहेर आली, उत्तमचा हात मागं गेला, ह्यांची मान सरळ झाली. आणि पुन्हा ठोकली.

पुन्हा चांदण्या. तिसऱ्यांदा सावकाश.

सावकाश असल्यामुळं मला दिसलं. उत्तम पुढं येतो तेव्हा ह्यांची नजर वर होते. भुवया वर जातात. ओठ सुटतात. तो मोडलेला दात, माझ्या मैत्रिणींचं फावडं, पूर्ण दिसतं. हे हसत असतात. तोंडातून क्लॅरोनेट काढून काहीतरी म्हणणार असतात. आणि तेवढ्यात तो हात येतो.

चौतीस वर्षांत दातांत घट्ट धरलेला क्लॅरोनेट कधी दाताला लागला नाही. लागला तो हसले म्हणून.

पुढं ह्यांनी वाजवणं थांबवलं नव्हतं. पुन्हा तोंडात धरून वाजवतच होते. पांढऱ्या कोटावर लाल उतरायला लागलं, तिथं मिक्सिंगवाल्यानं एक मोठा गुलाबी बदाम आणून ठेवला आणि त्यात नवरा-नवरी दिसायला लागली.

"आक्का, चहा गार झाला," पल्लवी म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि उठून टीव्ही बंद केला. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण बंद केला.

उत्तम दीडला आला. दारात माझ्या चपला बघूनच त्याचा चेहरा उतरला असावा, कारण आत आला तो एकदम बोलायलाच लागला. "आक्का, कधी आलीस? बरं झालं आलीस. मी येणारच होतो. दाजींच्या दाताचं काय ते मी बघतो. किती लागतील ते सांग, सगळे देतो."

मी अजून मागितले नव्हते. दाताचा शब्द काढला नव्हता.

"उत्तम," मी म्हणाले, "ह्यांचा दात कशानं मोडला?"

"ट्रॉलीच्या फाळक्याला ना? दाजीच म्हणाले."

"कधी म्हणाले?"

तो पल्लवीकडं बघायला लागला. पल्लवी टीव्हीवरचा रुमाल सरळ करायला लागली.

"धक्का लागला गं आक्का," तो म्हणाला. "गर्दी होती. वरातीत होतं असं."

"धक्का एकदा लागतो. तुझ्या घरात तीनदा लागला."

तो सोफ्यावर बसला. फेटा नसलेलं त्याचं डोकं एकदम लहानपणीसारखं दिसायला लागलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

"दुसऱ्या दिवशी मी भेटलो दाजींना," तो म्हणाला. "पाया पडलो. तेच म्हणाले, तुझ्या आक्काला कळता कामा नये. तिला माहेर म्हणून एक तूच आहेस."

"ते काय म्हणाले ते नको सांगू. तुझं सांग. नोट द्यायची तर हातात द्यायची होती. खिशात घालायची होती."

तो खाली बघत म्हणाला, "हातात दिली असती तर ते बोलले असते."

"काय बोलले असते?"

"'उत्तम, कसा आहेस रं' म्हणाले असते. मोठ्यानं. ते असंच म्हणतात ना. तिथं साहेबांचे सगळे लोक होते आक्का. सिमेंटवाले, बँकेतले. कुणालाच माहीत नाही की बँडवाला आपला… म्हणजे माझा…" तिथं तो अडला. "ते हसायला लागले आणि मला काय झालं कुणास ठाऊक. वाटलं, आता हे बोलणार. हात गेला."

पल्लवी स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांड्यांचा आवाज झाला नाही.

मी उठले. आवाज चांगला खणखणीत निघाला, त्याचं मला आजही समाधान आहे. "तू पेटी धरायला भांडायचास," मी म्हणाले. "तेव्हा सगळ्या गावाला सांगत सुटायचास, मास्तर माझे दाजी आहेत. तेव्हा तुझे साहेब कुठं होते?"

तो आत गेला आणि पाकीट घेऊन आला. जाडजूड. बहुतेक महिनाभर तयार होतं. "आक्का, घे. पाया पडतो, घे."

"माझ्या हातात नको. गुरुवारी अकराला मगदूम बाईंच्या दवाखान्यात ये. तूच भर."

"मी? मला साइटवर…"

"साइट राहू दे. मोडलास तू, बसवायला पण तूच ये."

घरी आले तेव्हा हे अंगणात बसून क्लॅरोनेटच्या सांध्यांची बूचं तेलानं पुसत होते. वाजवायचं नसलं तरी रोज पुसायचे. मी पेटी उघडली, मखमलीखालची नोट काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"ही कुणाची?"

"बक्षीस…"

"मी सीडी बघितली."

त्यांचा हात थांबला. क्लॅरोनेटचा तुकडा फडक्यात गुंडाळून त्यांनी हळूच बाजूला ठेवला. "तुला जायला नको म्हणालो होतो."

"म्हणजे मी महिनाभर तुम्हाला शिव्या घालत होते, फाळका दिसत नाही म्हणून, आणि तुम्ही ऐकून घेत होता!"

"तुझ्या शिव्यांनी काय दात मोडत नाहीत."

"हसता काय! त्यानं तुमचं तोंड बंद करायला ठोकली ती नोट. कळलं होतं तुम्हाला?"

कळलं होतं. मला सीडीत तीनदा बघून कळलं ते ह्यांना तिथंच, एकदाच, कळलं होतं. तरी गाणं पुरं केलं होतं.

"मग ही सांभाळून कशाला ठेवली? फाडायची, जाळायची. नाहीतर साखर आणायची."

त्यांनी नोट माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा तशीच सुरळी केली. "तुझ्या माहेरची होती," ते म्हणाले. "खर्चायला हात होईना."

मला रडू आलं असतं, पण मला रडायचं नव्हतं. मला चिडायचं होतं. मी आत जाऊन पिठाचा डबा काढला आणि गरज नसताना चाळायला घेतलं.

गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. पैशाचं मी बघते, एवढंच ह्यांना सांगितलं होतं; हे आत खुर्चीत गेले आणि मग उत्तम आला. बाहेर बाकड्यावर मी, आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टात, पाकीट मांडीवर घेऊन उत्तम. समोर सोन्याच्या साखळीवाले एक शेठ गाल धरून बसले होते. त्यांनी उत्तमला ओळखलं.

"अहो उत्तमराव, इकडं कुठं? दात का?"

"नाही, नाही शेठ. असंच. कामाला." उत्तम उठून उभा राहिला होता. मग माझ्या कानाशी वाकून पुटपुटला, "सिमेंटवाले आहेत."

मला काही बोलावं लागलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, "पोपट लोखंडे पेशंटचे कोण आहेत? पैसे भरायचेत."

उत्तम काउंटरपाशी गेला, पाकीट सरकवलं. मुलीनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

तो काहीतरी बोलला.

"काय?" मुलगी म्हणाली.

डोक्यावर पंखा खडखडत होता. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "मोठ्यानं सांग उत्तम. पंख्याचा आवाज आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मारायला हात उचलला की बघायचा तसं. मी बघत राहिले. साडेपाच हजार तर त्याच्या पाकिटात पडूनच होते, ती काय किंमत नव्हती.

"दाजी आहेत," तो म्हणाला. "माझे दाजी. पोपट मास्तर."

"बँडवाले?" समोरून शेठनी गाल सोडून विचारलं. "त्या दिवशी साहेबांच्या वरातीत होते ते? काय वाजवतो हो माणूस! तुमचे दाजी? बोलला नाही कधी!"

उत्तम तिथंच काउंटरला धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं होतं ह्या क्षणी माझा राग उतरेल. उतरला नाही. शेठ एवढ्या सहज बोलून गेले, म्हणजे ह्यानं उगाचच लपवलं होतं. उगाचच दात मोडला होता.

तासाभरानं हे बाहेर आले. ओठ सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. मागून मगदूम बाई. "छान झालं. आता दात टोपीपुरता वर आलाय. आठ दिवसांनी टाके काढायला या. बोलायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. टाके ताणतील."

ह्यांनी उत्तमला बघितलं. एक क्षण मला बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. तोंडात बोळा, बोलता येईना. आणि त्या सुजलेल्या ओठानं, डॉक्टरीणबाईंच्या देखत, माझ्या देखत, तो माणूस उत्तमकडं बघून हसायला लागला.

"अहो, टाके!" मी ओरडले.

गणपतीला ह्यांनी वाजवलं. कॅप शेजारच्या दातापेक्षा जरा जास्त पांढरी आहे, अजून आहे. दिव्याखाली उभे राहिले की लांबून ओळखू येते.

भाऊबिजेला उत्तम आला. येईल का नाही, मला खात्री नव्हती. आला, पल्लवीलाही घेऊन आला, आणि ओट्यावर बसलेल्या ह्यांच्या पायांना हात लावला. मग हे आत जाऊन पेटीतून क्लॅरोनेट काढून जोडायला लागले, फुंकायची पत्ती ओली करायला लागले. संध्याकाळी कुठंतरी वाजवायला जायचं होतं.

मी पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं खिशातून कोरी नोट काढली. ताटाशी नेली आणि हात तिथंच अधांतरी थांबला. कुठं ठेवावी, कशी ठेवावी, त्याला सुचेना. आतून ह्यांनी पहिला सूर लावून बघितला.

दर वर्षी येतो. दर वर्षी त्याचा हात ताटापाशी तसाच थांबतो, आणि दर वर्षी मी एकच शब्द बोलते, तो त्या वर्षी पहिल्यांदा बोलले.

"हळू," मी म्हणाले.